दोन हाकांवरून

देवकते सरांनी आयुष्यात एकच सूड घेतला आणि तो घ्यायला त्यांना बेचाळीस वर्षं लागली. त्या सुडाची मी साक्षीदार आहे. सरांनीच मला साक्षीला नेलं होतं. ते पुढे येईलच, आधी सर सांगते, कारण माणूस कळल्याशिवाय त्याचा सूड कळत नाही.

अंबाजोगाईला लॉ कॉलेजात ते आम्हाला फौजदारी कायदा शिकवायचे. मेंढरामागे फिरणाऱ्या धनगराच्या घरातला पहिला शिकलेला माणूस. उंच, काटक, पायांत जाड तळाच्या वहाणा. प्राध्यापक म्हणून बूट घाला असं प्राचार्य दोनदा म्हणाले, तर सरांनी दोन्ही वेळा मान डोलावली आणि वहाणा तशाच ठेवल्या. वर्गात ते कधी खुर्चीवर बसले नाहीत. हजेरीही घेत नसत. दारात उभे राहून एकदा नजर फिरवायचे, ओठ हलायचे, आणि म्हणायचे, "दोन कमी हायत. एक ती केजची पोरगी, आन एक मागच्या बाकावरचा झोपाळू." कळप मोजणारा माणूस बोट लावून मोजत नाही, डोळ्यानं जोड्या मोजतो, हे मला फार नंतर कळलं.

मोकळ्या तासाला ते स्टाफरूमच्या व्हरांड्यात टकळीवर लोकर कातत बसत. तोंडी परीक्षाही ते कातत काततच घेत. उत्तर चुकायला लागलं की टकळी थांबायची. ती थांबलेली टकळी पाहून भल्याभल्यांची कलमं पोटात जायची.

पहिल्याच तासाला त्यांनी उद्देश आणि जाणीव यातला फरक शिकवला. पुस्तक उघडलंच नाही. म्हणाले, "माझ्या कळपात तुमी डोळे मिटून कुऱ्हाड फेकली. कोन मरंल ठाऊक न्हाई, पर कोन तरी मरंल एवढं ठाऊक हाय. ही झाली जाणीव. आता माझ्या काळ्या बोकडावर डोळा धरून फेकली, तर तो उद्देश. दोन्हीत बोकड मेला तरी कायद्याला ते दोन येगळे गुन्हे. कावून?" मागून कुणीतरी म्हणालं, "सर, बोकडाला काय फरक पडतो?" वर्गात हशा फुटला. सर हसले नाहीत. "बोकडाला पडत न्हाई. बोकडाच्या मालकाला पडतो," म्हणाले आणि पुढे गेले.

शिक्षेचे सिद्धांत शिकवायला घेतले तेव्हा सुधारणावादी सिद्धांत त्यांनी तीन मिनिटांत उरकला. आम्ही वहीत एक ओळ लिहून होईपर्यंत ते खडू खाली ठेवून मोकळे झाले होते. मी विचारलं, "सर, एवढाच?" "पुस्तकात दोन पानं हायत, वाचा. परीक्षेला येतो. मला त्यातला अनुभव न्हाई." प्रतिशोधाच्या सिद्धांताला मात्र चार दिवस लागले. त्या चार दिवसांत त्यांचा आवाज एकदाही चढला नाही. शेवटच्या दिवशी म्हणाले, "सूड माणसाचा असतो आन शिक्षा राज्याची. राज्यानं हात जोडून सांगितलं, बाबा, तू सूड घेऊ नको, तुझ्या वाटचं मी करतो. आमी ऐकलं. पर राज्यानं आपलं काम केलंच न्हाई, तर माणसाच्या वाटचं शिल्लक ऱ्हातं का न्हाई? उत्तर लिहून आणा." मी सहा पानं लिहून नेली. माझ्या थोरल्या बहिणीच्या सासरचे असेच सुटले होते. ती गोष्ट या लेखाची नाही, पण सहा पानं कुठून आली ते सांगितलं. सरांनी सगळी वाचली आणि खाली फक्त लिहिलं, ‘अक्षर चांगलं आहे.’

त्यांचा खरा हट्ट वेगळाच होता. साक्षीदार जसा बोलला तसं लिहायचं. त्यासाठी ते आम्हाला बाजारात पिटाळायचे. भाजीवालीला विचारा, चहावाल्याला विचारा, काल काय झालं त्याची फिर्याद लिहून आणा. एकदा एका मुलानं लिहून आणलं, ‘सकाळी अंदाजे साडेदहाच्या सुमारास’. सरांनी विचारलं, "बाई असंच म्हणली?"

"नाही सर. ती म्हणाली, शाळेची घंटा झाल्यावर."

"मग साडेधा कुठून आले? ती बाई घड्याळ बांधती का बे?"

"अंदाज केला, सर."

सरांनी कागदाचे चार तुकडे केले आणि त्याच्याच हातात दिले. "तुझा अंदाज कोन विचारतंय? तू अंदाज करशील आन ती बाई उद्या कोर्टात खोटी पडंल." आम्हाला तो विक्षिप्तपणा वाटला.

आणखी एक विक्षिप्तपणा म्हणजे पेढा. त्यांच्या विषयात मी पहिली आले तेव्हा पेढे घेऊन गेले. सरांनी पुडा उघडायच्या आतच हातानं मागे सारला. "मला चालत न्हाई." आम्ही समजलो, साखर असेल. पण चहात तीन चमचे साखर घालणारा माणूस होता तो.

आम्ही दुसऱ्या वर्षाला असताना रणजित आमच्या वर्गात आला, बीडच्या कॉलेजातून बदली घेऊन. गेवराईकडे उमापूरच्या बाजूला आप्पासाहेब म्हणून मोठं प्रस्थ होतं. शे-दीडशे एकर जमीन, दोन वेळा निवडून आलेले, लग्न असो की मयत, त्यांची गाडी आल्याशिवाय काही हलायचं नाही. तीन मुलींनंतर नवसानं झालेला त्यांचा हा मुलगा. मुलगा मात्र वाईट नव्हता, हे कबूल केलं पाहिजे. हुशार, हसरा, बोलण्यात पटाईत. पहिल्या दिवशी सरांनी दारातून नजर फिरवली, ती त्याच्यावर आली आणि थांबली. त्या दिवशी ते किती कमी आहेत हे सांगायला विसरले.

सर दरवर्षी वर्गात एक खटला चालवून घ्यायचे. तोच खटला, तीच अक्षरं. ‘अ’ हा बड्या शेतकऱ्याचा मुलगा. ‘ब’ हा मेंढपाळ. ‘ब’ची मेंढरं ‘अ’च्या उभ्या ज्वारीत शिरली. भर दुपारी ‘अ’नं कुऱ्हाडीचा दांडा ‘ब’च्या डोक्यात घातला, ‘ब’ जागीच मेला. पाहणारी एकटी ‘ब’ची बायको. ती फिर्याद द्यायला गेली. हवालदारानं विचारलं, किती लांब होतीस? ती म्हणाली, दोन हाका. हवालदाराला हाक हे माप माहीत नव्हतं. त्यानं अंदाज केला आणि लिहिलं, ‘अंदाजे दोन किलोमीटर’. तिनं खाली अंगठा दिला.

त्या वर्षी ‘अ’चा वकील सरांनी रणजितला केलं. ‘ब’ची बायको झाली होती मागच्या बाकावरची एक मुलगी. रणजितनं तिची उलटतपासणी अशी काही घेतली की आम्ही बघतच राहिलो.

"दोन किलोमीटरवरून तुम्हाला चेहरा दिसला?"

"किलोमीटर मला ठाऊक नाही. दोन हाका."

"हाक म्हणजे किती, बाई? मारून दाखवता का कोर्टाला?" आणि तिची वाट न पाहता त्यानं स्वतःच तोंडाला हात लावून मेंढरांना बोलावल्यासारखं केलं. मान वेळावून, गळा ताणून. अख्खा वर्ग हसला. मी हसले. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. संशयाचा फायदा मिळून ‘अ’ सुटला. टाळ्या पडल्या.

सर दाराशी उभे होते. त्यांची नजर बाकांवरून फिरत होती, ओठ हलत होते. मग म्हणाले, "चला. माळावर."

गावाबाहेरच्या माळावर त्यांच्या चुलतभावाचा कळप चरत होता. सरांनी रणजितला एका दगडापाशी उभं केलं आणि स्वतः कळपाकडे चालत गेले. मग वळून त्यांनी हाक मारली. ओरडले नाहीत. जिभेखालून, घशातून काढलेला एक खालचा आवाज, पुढच्या मेंढीला वळवण्यापुरता. दगडापाशी पोचलेली मेंढी वळली. "ही एक हाक," ते म्हणाले. "मेंढरू यापेक्षा लांब जाऊ द्यायचं नसतं. पावलं मोज." रणजितनं मोजली. पस्तीस भरली, आणि तो दगडापाशी परत गेला. तेवढंच अंतर आणखी पुढे जाऊन सर उभे राहिले आणि त्यांनी आमच्यातल्या चौघांना जवळ बोलावून घेतलं.

"कोन कोन हाय माझ्याजवळ?"

रणजितनं चारही नावं घेतली. सरांनी विचारलं, "सुनंदाच्या कोणत्या हातात घड्याळ हाय?" सुनंदा म्हणजे मी. "डाव्या," रणजित म्हणाला. बरोबर होतं.

"म्हंजे ‘ब’च्या बायकोला ‘अ’ दिसला?"

रणजित हसत म्हणाला, "दिसला, सर. मी हरलो."

"तू न्हाई हरलास," सर जवळ येत म्हणाले. पिशवीतून त्यांनी एक जुना, कडा झिजलेला कागदांचा गठ्ठा काढला. कोर्टाच्या निकालाची नक्कल. "दरसाल मी ‘अ’ आन ‘ब’ म्हणतो. औंदा नावं वाच. मोठ्यानं वाच."

रणजितनं वाचायला सुरुवात केली. मयताचं नाव देवकते होतं. आरोपीच्या नावापाशी तो थांबला. ते त्याच्या वडिलांचं नाव होतं, गाव-तालुक्यासकट. सर म्हणाले, "वाच की." त्यानं वाचलं. मग तो कागद हातात धरून तसाच उभा राहिला.

हे क्रूर होतं. एका विशीतल्या मुलाला चाळीस जणांसमोर असं उभं करणं क्रूरच होतं, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही. उलट आतून उकळ्या फुटत होत्या. ज्यानं मारलं त्याला गुलाल लागला, ज्याचा मेला तो रानोमाळ फिरला. कधीतरी कुणाच्या तरी घरात हा कागद पोचायलाच हवा होता, असं मला तेव्हा वाटलं. आजही वाटतं.

सहा महिन्यांनी, दुपारच्या सुट्टीत, कॉलेजच्या फाटकाशी पांढरी गाडी थांबली. मी प्रोजेक्टची फाइल द्यायला स्टाफरूमच्या दारात उभी होते. आप्पासाहेब एकटेच आत आले. पासष्टी उलटलेले, पांढरं धोतर, चालताना एक पाय ओढत. सर खिडकीपाशी कातत बसले होते. त्यांनी मला जा म्हटलं नाही, म्हणून मी गेले नाही.

"सर, पोरगं बोलत न्हाई माझ्याशी," आप्पासाहेब उभ्या उभ्याच म्हणाले. "सा महिने झाले. ताटावर बसत न्हाई. मी घरात शिरलो की बाहीर जातं. तुमाला काय पाहिजे ते सांगा. जागा म्हणा, संस्था म्हणा."

"दोन हाका म्हंजे किती, ते सांगा."

"कोर्टानं सोडलंय मला."

"व्हय. कोर्टानं संशयाचा फायदा दिला. कोर्टाला देता येतो. पोरानं द्यावा का न्हाई, ते पोरगं ठरवंल."

"तुमीच त्याच्या डोक्यात भरवलं."

"मी माप शिकवलं. भरवायची सवय तुमच्याकडं हाय. निकाल लागला त्या दिवशी कोर्टाच्या आवारात तुमच्या माणसानं माझ्या हातात पेढा दिला. सा वर्षांचा व्हतो मी." टकळी फिरतच होती. "खाल्ला मी तो. आईनं बघितलं खाताना."

आप्पासाहेब खुर्चीत बसले. नंतर जमिनीकडे बघत म्हणाले, "दिसलो व्हतो मी तिला. आन मला ती दिसली. मी वळून बघितलं व्हतं. कडेवर पोर व्हतं तिच्या. तू असशील."

टकळी थांबली.

मी कायदा शिकत होते, त्यामुळे माझ्या डोक्यात झरझर सगळं येऊन गेलं. एकदा सुटलेल्या माणसावर त्याच गुन्ह्याचा खटला पुन्हा चालत नाही. तो धडा सरांनीच घसा खाकरत शिकवला होता. या कबुलीची कोर्टात किंमत शून्य. ते दोघांनाही ठाऊक होतं.

"मला कशाला सांगता?" सर म्हणाले. "पोराला सांगा."

"सांगितल्यावर बोलंल का तो?"

"ते मला कसं ठाऊक? माझ्या आईनं त्या दिसापासून मेंढराला हाक मारली न्हाई. खडे मारून वळवती. कोर्टात तिनं हाक मारून दाखवली आन सगळे हसले. तवापासून न्हाई." सर उठून उभे राहिले. "या आता."

आप्पासाहेब गेले. सरांनी लोकर पिशवीत भरली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "ऐकलंस न्हवं सगळं? चल. साक्षीदार पाहिजे. मी एकट्यानं सांगितलं तर तिला वाटंल, पोरगं समजूत काढतंय."

एसटीनं मांजरसुंब्याला उतरलो आणि तिथून जीपनं डोंगराकडच्या वस्तीवर गेलो. वाटेत सरांनी मला एकच गोष्ट बजावली, "इचारलं तेवढंच सांगायचं. साक्षीदारानं शहाणपणा करू नये."

म्हाळसाआजी दारात कोकरांना पाला घालत बसली होती. वाळून काटकी झालेली, पण डोळे सरांचेच. सरांनी तिला झाली ती हकिकत सांगितली. तिनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. मला जवळ बोलावलं.

"तू कुठं व्हतीस?"

"दारात, आजी."

"त्याचं तोंड दिसलं तुला, बोलताना?"

"दिसलं."

"किती लांब?"

"एका हाकेच्या आतच," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. पाला कोकरापुढे सरकवला. मला वाटलं ती रडेल, किंवा काही नाही तर सरांच्या पाठीवरून हात फिरवेल. सरही बहुधा त्याचीच वाट बघत होते. बेचाळीस वर्षं त्यांनी याच क्षणासाठी काढली होती. आजी म्हणाली, "त्यानं मारला, त्याला पोरानं टाकला. झालं त्याचं. आन ते हसलेले? ते कुठं हायत?"

सरांनी पिशवी खांद्याला लावली. मला मानच वर करता येईना.

परतीच्या एसटीत सर खिडकीबाहेर बघत होते. अर्धी वाट गेल्यावर म्हणाले, "चाळीस जण हाय तुमी वर्गात. त्या दिवशी सदतीस हसले. तुला कावून नेलं, आलं का ध्यानात?"

"हो सर," मी म्हणाले. मी मनोमन सहा पानांचं उत्तर लिहिणारी, न्यायाची चाड असलेली, सरांची लाडकी विद्यार्थिनी होते. त्या यादीत माझंही नाव होतं.

रणजित आता दुसऱ्या जिल्ह्यात वकिली करतो. आप्पासाहेबांनी त्याला सांगितलं का, तो त्यांच्या ताटावर परत बसला का, मला माहीत नाही. माहीत करून घ्यावंसंही वाटलं नाही. आजी दोन वर्षांपूर्वी गेली. शेवटपर्यंत खडेच मारत होती म्हणे.

मी सरकारी वकील झाले. सर निवृत्त झाले आणि त्यांनी एक नवाच उद्योग मांडला. रोज सकाळी ते कोर्टात येतात, मागच्या बाकावर बसतात आणि लोकर काततात. शिपायानं एकदा हटकलं, तर म्हणाले, "कोर्ट उघडं असतं. कुणीबी बसावं." मध्यंतरी कायद्याचं पुस्तकच बदललं, तीनशे दोनचं एकशे तीन झालं. मी म्हटलं, सर, सगळं नव्यानं पाठ करावं लागतंय. तर म्हणाले, "नंबर बदलला, पोरी. मेलेला माणूस तोच हाय."

गेल्या महिन्यात माझ्याकडे मारहाणीचा एक खटला होता. साक्षीदार एक म्हातारी धनगरीण, डोक्यावरचा पदर दातात धरलेली. मी विचारलं, घटना घडली तेव्हा तुम्ही किती लांब होता?

"दोन हाका," ती म्हणाली.

आरोपीच्या बाकाकडून फिस्सकन आवाज आला. मग त्याच्या मागून आणखी दोघांचा. टंकलेखकाची बोटं थांबली. त्यानं न्यायाधीश साहेबांकडे पाहिलं. मी म्हणाले, "साक्षीदार बोलली तसंच लिहावं, अशी विनंती आहे. दोन हाका. हाक म्हणजे किती पावलं, ते मी पुढच्या प्रश्नात विचारते." साहेबांनी मान हलवली. टकटक पुन्हा सुरू झाली.

मी मागे वळून पाहिलं. देवकते सर उभे होते. टकळी हातात, थांबलेली. त्यांची नजर दाराकडून निघून एकेका बाकावरून सरकत होती, ओठ हलत होते. आरोपीच्या भावापाशी ती थांबली, त्याच्या मित्रापाशी थांबली, भिंतीशी उभ्या असलेल्या एका काळ्या कोटापाशी थांबली. हसणारे एकेक करून खाली बघायला लागले. सगळ्यात शेवटी ती नजर माझ्यावर आली आणि माझ्या तोंडाकडे बघत बराच वेळ तिथेच राहिली.